घरावर कललेलें झाड



मृगाचा पाऊस सुरू झाला कीं पंधरा दिवसांच्या आंत कोठें तरी झाड कोसळून घर मोडल्याचें, नाहीं तर एकाद्या वाटसरूचा प्राण गेल्याचें वृत्त आपल्या कानीं येतें. ता. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलें. त्या एका दिवसांत कोंकणांतील आंबा, नारळ व सुपारी यांच्या कितीतरी बागा आडव्या झाल्या, आणि कित्येक घरांवर त्यांच्या अंगणांतलींच झाडें पडलीं. असें कांहीं घडलें म्हणजे लोक ‘दैवगति’ म्हणून उसासा टाकतात व गप्प बसतात. परंतु निरोगी व भक्कम झाडास उन्मळून टाकणारीं वादळें क्वचितच येतात. बहुतेक वेळां पडणारें झाड अगोदर महिनेच्या महिने सूचना देत असतें. ती वाचावयास कोणी नसतें, एवढेंच.

ही सूचना वाचण्यास लागणारें ज्ञान तुम्हांस शाळेंत मिळतें. तरफेचा नियम, ओळंबा, घर्षण, काटकोन त्रिकोण, यांपलीकडे फारसें कांहीं लागत नाहीं. घरावर कललेलें झाड कसें ओळखावें, तें तोडावें कीं राखावें, आणि तोडणेंच प्राप्त झालें तर कोणाच्याही जिवास धोका न होतां तें कसें उतरवावें, याचा विचार या लेखांत करूं.

झाड उभें कसें राहतें?

झाड जितकें उंच तितकीं त्याचीं मुळें खोल, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाहीं. मोठ्या वृक्षांचीं बहुतेक मुळें वरच्या सुमारें एक मीटर मातींतच असतात, आणि तीं फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे दूरवर पसरलेलीं असतात. झाड जणूं एका रुंद थाळीवर उभें असतें, आणि त्या थाळीवर दाबून बसलेल्या मातीचें वजन त्यास धरून ठेवतें. झाड एका बाजूस कललें म्हणजे विरुद्ध बाजूचीं मुळें जहाजाच्या नांगराप्रमाणें ताणलीं जातात, व कललेल्या बाजूचीं मुळें टेकूप्रमाणें दाबलीं जातात. घराचा नवा पाया, गटार अथवा नळाची चारी खणतांना नांगराच्या बाजूचीं मुळें तोडलीं, तर वरून हिरवेंगार दिसणारें झाडही निराधार होऊन जातें.

आतां थोडें गणित पाहूं. एका झाडाचें जमिनीवरील वजन ३ टन आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य बुंध्यापासून खोडाच्या लांबीनें ६ मीटरांवर आहे असें समजा. झाड १० अंशांनीं कललें, तर गुरुत्वमध्य बुंध्यापासून सुमारें १ मीटर बाहेर जातो, व मुळांवर ३ टन-मीटर इतकें परिबल येतें. कल २० अंश झाला तर तें अंतर २ मीटरांच्या थोडें वर जातें व परिबल दुप्पट होतें. कल जसजसा वाढतो तसतसा मुळांवरील भार वाढतो, आणि भार वाढल्यामुळें कल आणखी वाढतो. ही क्रिया एकदां सुरू झाली कीं आपण होऊन थांबेल असा भरंवसा धरतां येत नाहीं.

यांत वाऱ्याची भर पडते. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. शिवाय पावसानें माती भिजली कीं तिची मुळांवरील पकड सैल पडते. सतत चार दिवस पाऊस पडल्यानंतर साध्या वाऱ्याच्या झोतानें झाडें पडतात, त्याचें कारण हेंच.

जुना कल आणि नवा कल

कललेलें प्रत्येक झाड धोक्याचें नसतें, ही गोष्ट पक्की लक्षांत ठेवा. समुद्रकांठचा माड लहानपणापासून प्रकाशाकडे वांकलेला असतो आणि तशा स्थितींत अनेक वर्षें फळें देतो. भिंतीच्या सावलींत वाढलेला आंबाही उजेडाकडे झुकतो. अशा झाडाचें खोड धनुष्यासारखें वळलेलें दिसतें. बुंधा तिरपा असला तरी शेंडा पुन्हां आकाशाकडे सरळ झालेला असतो. आंबा-फणसांसारख्या झाडांत कलाच्या वरच्या अंगास एक विशेष बळकट लांकूड तयार होतें, व तें खोडास मागें ओढून धरतें. हा जुना कल होय. झाडानें आपला तोल सांभाळून घेतला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

नवा कल निराळा. त्यांत बुंध्यापासून शेंड्यापर्यंत सारें खोड एकाच रेषेंत तिरपें होतें, कारण शेंड्यास वर वळण्यास अवधि मिळालेला नसतो. कलाच्या विरुद्ध बाजूस जमीन फुगून वर येते, तेथें भेगा पडतात, व कधीं कधीं मुळें उघडीं पडतात. कलाच्या बाजूस बुंध्यापाशीं माती दबलेली आढळते. वारा वाहत असतां बुंध्याजवळची जमीन श्वास घेतल्याप्रमाणें वर-खालीं होतांना दिसली, तर तेथून ताबडतोब दूर व्हावें आणि घरांतील माणसांनाही बाहेर काढावें.

शंका असल्यास ओळंब्याचा उपयोग करा. खोडावर जमिनीपासून २ मीटर उंचीवर एक खूण करून तेथून कलाच्या बाजूनें ओळंबा सोडावा, आणि खालीं ओळंबा व बुंधा यांमधील आडवें अंतर मोजावें. तें ३५ सेंटिमीटर आलें तर कल सुमारें १० अंशांचा आहे. माप व तारीख वहींत टिपून ठेवा. पंधरा दिवसांनीं व प्रत्येक मोठ्या पावसानंतर त्याच खुणेवरून पुन्हां मोजा. आंकडा स्थिर राहिला तर फारसें भय नाहीं. तो वाढत चालला असेल तर झाड सरकत आहे, मग तें कितीही हिरवें दिसो. कल किती आहे यापेक्षां तो वाढतो आहे कीं नाहीं, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा.

पोकळ बुंधा

ढोली दिसली कीं झाड गेलेंच, असें मानणें चूक आहे. वांकण्याचा जोर मुख्यतः खोडाच्या बाहेरच्या थरांवर पडतो, मधल्या गाभ्यावर नव्हे. पोकळीची त्रिज्या खोडाच्या त्रिज्येच्या निम्मी असली, तरी वांकण्यास विरोध करण्याची शक्ति एक-षोडशांशानेंच, म्हणजे शेंकडा ६ नेंच, कमी होते. पोकळी सात-दशांश झाली तर सुमारें चतुर्थांश शक्ति जाते. नऊ-दशांश झाली तर जवळजवळ दोन-तृतीयांश जाते. हा हिशोब चोहोंकडून अखंड असलेल्या नळीचा आहे. ढोलीचें तोंड मोठें असेल अथवा खोडास उभी चीर पडली असेल, तर शक्ति याहून पुष्कळच कमी उरते. लांकडी हातोडीनें बुंध्यावर ठोकून पाहिल्यास भरीव व पोकळ जागांच्या आवाजांतील फरक कळतो. बुंध्यापाशीं छत्र्यांसारखी किंवा फळीसारखी कठीण बुरशी उगवली असेल, तर आंतील लांकूड अथवा मुळें कुजत असण्याचा तो इशारा समजावा.

तोडावें कीं राखावें?

मोठें झाड वाढण्यास मनुष्याच्या आयुष्याएवढा काळ लागतो. तें पाडण्यास एक दिवस पुरतो. म्हणून तोडणें हा शेवटचा उपाय होय. कल जुना असेल, जमीन घट्ट असेल व लांकूड निरोगी असेल, तर घराच्या बाजूच्या कांहीं फांद्या हलक्या करूनही काम भागतें. मात्र सबंध शेंडा छाटून झाडाचा खुंट करूं नये. तशा कापांतून भराभर फुटणाऱ्या फांद्यांचा जोड दुबळा असतो, आणि चार-पांच वर्षांनीं त्याच फांद्या मोडून पडतात.

परंतु कल नवा व वाढता असेल, आणि झाडाच्या टप्प्यांत घर, रस्ता अथवा मुलांची खेळण्याची जागा येत असेल, तर ममतेनें दिरंगाई करणें योग्य नव्हे. आजोबांनीं लावलेला आंबा कोणासही प्रियच असतो. पण त्याच्याखालीं निजलेलीं नातवंडें आजोबांस अधिक प्रिय वाटलीं असतीं.

टप्पा मोजण्यास झाडाची उंची कळली पाहिजे. दोन बाजू समान असलेला काटकोनी गुण्या घेऊन त्याच्या कर्णावरून शेंडा दिसेपर्यंत मागें सरका. तुमच्या पायांपासून शेंड्याच्या बरोबर खालच्या बिंदूपर्यंतचें अंतर अधिक तुमच्या डोळ्यांची उंची, ही शेंड्याची उंची होय. झाड कललेलें असल्यामुळें कलाच्या दिशेस काटकोन करून, म्हणजे बाजूनें, उभे राहा; समोरून किंवा पाठीमागून पाहिल्यास माप फसतें.

तोडण्यापूर्वींची तयारी

पहिली गोष्ट परवानगीची. महाराष्ट्रांतील शहरी भागांस १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा व जतनाचा कायदा लागू आहे. त्याप्रमाणें खाजगी आवारांतील झाडही वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीवांचून तोडतां येत नाहीं. २०२१ च्या दुरुस्तीनें पन्नास वर्षें वा त्याहून अधिक वयाच्या वृक्षांस ‘वारसा वृक्ष’ म्हणून विशेष संरक्षण मिळालें आहे. ग्रामीण भागांतही आंबा, फणस, चिंच, साग इत्यादि झाडांस १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा लागतो. अर्जाबरोबर फुगलेल्या जमिनीचीं व भेगांचीं छायाचित्रें आणि ओळंब्याच्या मापांची तारीखवार नोंद जोडावी. तुमच्या वहींतील ते चार आंकडे मोठ्या माणसांच्या वादविवादापेक्षां अधिक उपयोगीं पडतील.

दुसरी गोष्ट विजेची. फांद्या तारांस लागत असतील अथवा पडतांना लागण्याजोग्या असतील, तर वीज कार्यालयास कळवून प्रवाह बंद झाल्याची खात्री झाल्यावांचून कोणीही झाडास हात लावूं नये. ओलें लांकूड वीज वाहून नेतें.

तिसरी गोष्ट वेळेची. हें काम चैत्र-वैशाखांत, कोरड्या जमिनीवर, वारा नसतांना व भरपूर उजेडांत करावें. झाड पावसाळ्यांतच कललें आणि तोडणें लगेच शक्य नसेल, तर त्या बाजूच्या खोल्या रिकाम्या कराव्या व अंगणांत दोर बांधून येजा बंद करावी. खोली गेली तर ती पुन्हां बांधतां येते.

झाड उतरविण्याची रीत

एक उदाहरण घेऊं. घराच्या भिंतीपासून ५ मीटरांवर १२ मीटर उंचीचें आंब्याचें झाड आहे, तें घराकडे कललें आहे, आणि मागील बाजूची जमीन फुगली आहे. असें झाड बुंध्याशीं घाव घालून एकदम पाडणें म्हणजे तें घरावर पाडणेंच होय. कललेल्या खोडाचे वरच्या अंगाचे तंतु ताणलेले व खालच्या अंगाचे दबलेले असतात. खालून कापल्यास करवत चिमटींत सांपडते. वरून कापल्यास ताणलेलें खोड एकाएकीं उभें चिरून तोडणाऱ्याच्या छातीवर येऊं शकतें. म्हणून हें झाड वरून खालीं, तुकड्यातुकड्यांनीं, उतरविलें पाहिजे.

आरंभीं झाडास कलाच्या विरुद्ध दिशेनें दोर लावून धरावें. दोर जितका उंच बांधावा तितकें कमी बळ लागतें, हा तरफेचा नियम. आपल्या मघाच्या ३ टन-मीटर परिबलास तोलून धरण्यास ८ मीटर उंचीवर सुमारें ३७५ किलोची आडवी ओढ पुरते. ४ मीटरांवर बांधल्यास ७५० किलो लागते. दोराचें दुसरें टोंक झाडाच्या उंचीहून अधिक दूर, एकाद्या भक्कम वृक्षाच्या बुंध्यास बांधावें. माणसांनीं हातांत दोर धरून उभें राहूं नये, आणि दोराचा वेढा मनगटास तर कधींच घेऊं नये.

ज्याचीं मुळें उचललीं गेलीं आहेत अशा झाडावर माणूस चढवूं नये. चढणाऱ्याचें वजन व कापतांना बसणारे हिसके हेच शेवटचें निमित्त होतें. येथें क्रेन अथवा उचलपाळणा असलेली गाडी आणावी. खर्च होतो खरा. पण मनुष्याच्या प्राणाशीं त्याची तुलना होत नाहीं.

कोणत्या फांद्या आधीं तोडाव्या? हातास सहज येणाऱ्या, घरापासून दूरच्या फांद्या प्रथम तोडण्याचा मोह होतो. तो टाळावा. त्या फांद्या तराजूच्या दुसऱ्या पारड्यांतील वजनासारख्या आहेत. त्या काढल्या कीं झाड घराकडे अधिकच झुकतें. प्रथम घराच्या बाजूच्या फांद्या, टोंकाकडून आंत येत, लहान तुकड्यांनीं कापाव्या. जाड फांदी कापतांना आधीं खालून तिच्या जाडीच्या चतुर्थांशाएवढा काप द्यावा, नंतर थोडें बाहेरच्या अंगास वरून कापावें, म्हणजे फांदी साल सोलीत खालीं येत नाहीं.

प्रत्येक तुकडा कापण्यापूर्वीं दोरानें बांधलेला असावा. ४० सेंटिमीटर व्यासाच्या ओल्या खोडाचा एक मीटरचा तुकडाही सव्वाशें किलोपर्यंत भरतो. हा दोर कप्पींतून घेऊन खालीं एका पक्क्या बुंध्याभोंवतीं गुंडाळावा. घर्षणांक ०.३ धरल्यास एका पूर्ण वेढ्यानें लागणारी ओढ सुमारें साडेसहापट कमी होते व दोन वेढ्यांनीं सुमारें त्रेचाळीसपट. म्हणजे १२० किलोचा ओंडका दोन वेढ्यांवर तीन किलोच्या ओढीनें धरतां येतो! मात्र कप्पीवर ओंडक्याच्या जवळजवळ दुप्पट भार येतो, म्हणून मुळें सुटलेल्या झाडावर ती टांगूं नये. क्रेनच्या हातास टांगावी.

ओंडका मोकळा सोडून दोरानें हिसक्यासरशीं थोपविणें हेंही घातक आहे. १०० किलोचा ओंडका ५ मीटर पडून अर्ध्या मीटरांत थांबला, तर दोरावर सरासरीनें ११०० किलोइतका ताण येतो. दोर प्रथमपासून ताठ असावा आणि ओंडका सावकाश उतरावा.

अशा रीतीनें खोड तीन मीटरांपर्यंत खालीं आणलें म्हणजे घराचा धोका संपला. कारण आतां तें चुकीच्या दिशेस पडलें तरी पांच मीटरांवरील भिंतीपर्यंत पोंचत नाहीं. परंतु माणसाचा धोका संपलेला नाहीं. वरचा भार नाहींसा झाल्यावर उचललेली मुळांची थाळी एकाएकीं खड्ड्यांत परत बसते आणि खुंट झटक्यानें उभा राहतो. म्हणून शेवटचा काप घेतांना खुंट दोरानें धरलेला असावा, आणि त्या खड्ड्यांत किंवा मुळांच्या मागें कोणीही, विशेषतः लहान मुलांनीं, उतरूं नये.

कोयता धरणारा हात

हें सर्व वाचून एकादा विद्यार्थी कुऱ्हाड घेऊन अंगणांत धांवेल, तर या लेखाचा हेतु फुकट गेला. मोजणें, नोंद ठेवणें, घरच्यांस सावध करणें व अर्ज लिहून देणें, हें तुमचें काम. तोडणें हें शिकलेल्या व साधनें बाळगणाऱ्या कारागिराचें. पण तें त्याच्यावर सोंपवितांना त्याच्या जिवाची काळजी आपली नाहीं असें समजूं नका. पावसाच्या तोंडावर गांवोगांव काय दिसतें? घरमालक चार ठिकाणीं घासाघीस करून सर्वांत कमी मजुरी मागणारा माणूस शोधतो. तो गरजू गृहस्थ डोक्यावर शिरस्त्राण नाहीं, कमरेस पट्टा नाहीं, अशा स्थितींत एक कोयता घेऊन निसरड्या फांदीवर चढतो. मालक ओटीवर छत्री धरून ‘अमकी फांदी तोड’ म्हणून हुकूम सोडतो. घर वांचावें म्हणून आपण झाड तोडतों; आणि त्या कामीं दुसऱ्या एका घराचा कर्ता पुरुष गमावला, तर आपण वांचविलें तें काय?

म्हणून भाव ठरवितांना प्रथम विचारावें: तुझ्याजवळ पट्टा आहे काय? दोर नवा आहे काय? खालीं दोर सांभाळण्यास जोडीदार आहे काय? या प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक देणारा माणूस थोडे अधिक पैसे मागेल. ते आनंदानें द्यावे.

येत्या सुटींत प्रत्येकानें आपल्या घराजवळचें एक झाड निवडावें, ओळंबा लावावा, उंची काढावी, बुंध्याभोंवतालची जमीन नीट न्याहाळावी, आणि तारीख घालून सारें वहींत लिहावें. बहुतेकांस आपलें झाड सुरक्षित असल्याचें आढळेल, आणि तें त्यांनीं निश्चिंत मनानें राखावें. एकाद्यास तसें आढळलें नाहीं, तर त्यानें ती वही मृगापूर्वींच वडिलांच्या हातीं द्यावी.